सागरी महामार्गावर सायकलने फिरताना या चुका टाळा

रेवसपासून रेडीपर्यंत कोकण किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग नकाशावर पाहिला, की निळ्या समुद्राला लागून खाली उतरत जाणारी एक रेघ दिसते आणि समुद्राच्या कडेचा रस्ता म्हणजे समुद्राच्याच पातळीवरचा रस्ता, असा हिशेब मनात आपोआप पक्का होतो. या रस्त्यावर सायकलस्वारांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच समजुतीतून जन्माला येतात. प्रत्यक्षात हा रस्ता खाडीच्या काठावरून निघतो, घाटी चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर येतो, दोन-चार किलोमीटर उघड्या कातळावरून जातो, दुसरी घाटी उतरून पुढच्या खाडीला किंवा पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला भिडतो आणि लगेच पुन्हा चढू लागतो. खाडी, घाटी, सडा, घाटी, खाडी हा क्रम शेवटपर्यंत सुटत नाही. दिवसाचे नियोजन, गिअरची निवड, पाण्याच्या बाटल्या, जेवणाची वेळ आणि ब्रेकची देखभाल या सगळ्या गोष्टी याच क्रमावर ठरतात, आणि तो लक्षात न घेता निघालेला माणूस पहिल्या दोन दिवसांतच थकून जातो.

हा रस्ता केवळ सायकलींसाठी राखलेला नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे. तो बहुतेक ठिकाणी अरुंद आहे, वाड्यांमधून जातो, गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या मधून वळतो आणि त्यावरून एसटी, चिऱ्यांचे ट्रक, मासळीचे टेम्पो व पर्यटकांच्या मोटारी जात-येत असतात. तरीही माड, पोफळी, आंब्याची कलमे, भातखाचरे आणि मधूनच अंगावर येणारा समुद्र इतक्या सलगपणे दाखवणारा दुसरा रस्ता महाराष्ट्रात मला माहीत नाही.

किलोमीटर मोजणे आणि घाट्या न मोजणे

पुणे, सोलापूर किंवा संभाजीनगरकडे सराव केलेले सायकलस्वार दिवसाला शंभर किलोमीटरचा आराखडा आखून येतात, कारण पठारावर त्यांना तेवढे अंतर सहज जमलेले असते. कोकणातील सडे समुद्रसपाटीपासून साधारण ५० ते १५० मीटर उंच आहेत. ही उंची कागदावर क्षुल्लक वाटते, पण ती एकदाच चढून भागत नाही. साठ किलोमीटरच्या टप्प्यात ८० ते १०० मीटरच्या सहा-सात घाट्या आल्या, तर दिवसाची एकूण चढाई सहाशे मीटरच्या आसपास जाते, म्हणजे पायथ्यापासून सिंहगडाचा डांबरी रस्ता पुरा चढण्याइतकी. फरक एवढाच, की सिंहगडावर चढ सलग असतो आणि शरीर एका लयीत स्थिरावते. येथे मात्र दर वेळी चढून कमावलेली उंची पाच मिनिटांत उतारावर खर्च होते आणि थंड झालेल्या पायांनी पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. सामान लादलेल्या सायकलीवर पहिल्यांदा येणाऱ्याने दिवसाला ५० ते ६० किलोमीटरच धरावेत. तेवढे अंतर दुपारपर्यंत सहज पार पडले, तर राहिलेला वेळ फुकट जात नाही, कारण या वाटेवर थांबून पाहण्यासारखी ठिकाणे पावलोपावली आहेत.

याच चुकीचे दुसरे रूप रस्ता विचारताना दिसते. आपण विचारतो, ‘काका, अमुक गाव किती लांब?’ आणि उत्तर येते, ‘हे काय, पाच मिनिटांवर.’ सांगणारा खोटे बोलत नसतो. तो मोटारसायकलवरची पाच मिनिटे सांगत असतो. त्याऐवजी ‘वाटेत घाट्या किती आहेत?’ असे विचारले, की तोच माणूस क्षणभर थांबतो, बोटांवर मोजतो आणि ‘एक मोठी, दोन लहान, मोठीला उतरून ढकलावी लागेल’ असे नेमके उत्तर देतो. उंचीचा आलेख दाखवणारे ॲप सोबत असले तरी हा प्रश्न विचारावा, कारण घाटीवरची खडी उखडली आहे की नवे डांबर पडले आहे, हे ॲपला ठाऊक नसते.

दिशेचा विचार पुष्कळजण करतच नाहीत. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष अंगावर येतात. सकाळी जमिनीकडून येणारी मंद झुळूक असते आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. हिवाळा-उन्हाळ्यात तो पुष्कळदा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला त्याची थोडीफार मदत होते आणि रेडीकडून वर येणाऱ्याला दुपारच्या सड्यावर सपाटीतही चढ चढल्यासारखे वाटते. पहिल्या खेपेला तरी उत्तरेकडूनच सुरुवात करावी.

खाडीला केवळ अडथळा समजणे

रायगड आणि उत्तर रत्नागिरीत चार मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड असा हा क्रम आहे. या बोटींवर सायकल सहज घेतात. चूक होते ती वेळेची. मोबाइलवर कोठेतरी सापडलेले वेळापत्रक प्रमाण मानून संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवली जाते आणि त्या दिवशी बोट दुरुस्तीला गेलेली असली किंवा वारा उठलेला असला, की पुढचा सगळा बेत कोसळतो. दाभोळची फेरी चुकली, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने पोहोचण्यासाठी दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा आहे. म्हणून खाडी नेहमी दिवसाच्या पूर्वार्धात ओलांडावी, आदल्या मुक्कामाच्या घरी फेरीची त्या दिवसाची स्थिती विचारून घ्यावी आणि संध्याकाळी खाडीपाशी पोहोचणे अटळ असेल, तर अलीकडेच राहण्याची सोय हाताशी ठेवावी. या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना मार्गी लागत आहेत, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी आलेल्या मित्राचा सल्लाही एकदा पडताळून घ्यावा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. शहरातून येणाऱ्या माणसाला वाटते, की भरती-ओहोटीचा संबंध पोहणाऱ्यांशी आणि मासेमारांशी असतो. तवसाळच्या धक्क्यावर मला तो माझ्या पायाखाली कळला. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते, पाणी पार खाली गेले होते, आणि एरवी बुडालेला धक्क्याचा उतार वीसेक पावले उघडा पडून हिरव्या शेवाळाने चकाकत होता. मी सायकल हाताने धरून सरळ खाली निघालो, पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल, पिशव्या व मी असे तिघेही आडवे झालो. जवळच जाळे झटकत बसलेल्या एका आजोबांनी हात देऊन उठवले आणि म्हणाले, ‘आज पुनव ना? पंधराची पाऊणपट करा, सव्वाअकरा. तेव्हा भरलेली, आता पार सुकली. शेवाळावर पाय टाकू नका, कडेच्या दगडांवरून या.’

तिथीची पाऊणपट हा कोकणचा जुना आणि अतिशय उपयोगी हिशेब आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, त्या दिवशीच्या तिथीला तीनचतुर्थांशाने गुणले, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, कधी थोडी अधिक, पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते आणि हा फरक कमी राहतो. सायकलस्वाराने यातून एवढे घ्यायचे, की उधाणाच्या दिवसांत सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे धक्क्याचा उतार सर्वांत जास्त उघडा व निसरडा असतो. अशा वेळी सायकल चालवत खाली जाऊ नये, पुढचा ब्रेक एकट्याने दाबू नये, चालताना सायकलचा भार आपल्या वरच्या बाजूला ठेवावा आणि बुटाखाली लोखंडी क्लीट, म्हणजे बूट पायडलला अडकवणारे तुकडे असतील तर ते बूट काढून चपला घालाव्यात. फेरीबोटीचा लोखंडी दरवाजाही ओला असतो, आणि त्याच्या आडव्या पट्ट्यांवर चाक तिरके गेले, तर ते घसरतेच.

बोटीतून उतरल्यानंतरची एक बारीक चूक क्वचितच कोणी सांगते. खाडी संपली, की लगेच घाटी सुरू होते. धोपावे आणि जयगड या दोन्ही बाजूंना हा अनुभव येतो. बोटीतल्या सगळ्या मोटारी, टेम्पो आणि दुचाक्या एकाच वेळी त्या अरुंद चढावर धावतात, आणि सर्वांत आधी उतरलेला सायकलस्वार पहिल्याच वळणावर धूर गिळत व हॉर्न ऐकत कडेच्या मुरुमात ढकलला जातो. बोटीतून सर्वांत शेवटी उतरावे, धक्क्यावर पाच मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, गिअर हलका करून ठेवावा. तोपर्यंत घाटी रिकामी होते आणि पुढची फेरी येईपर्यंत रस्ता जवळजवळ आपल्या एकट्याचा राहतो.

नकाशातील वाट म्हणजे रस्ता, असे मानणे

मोबाइलवरील नकाशा जवळची वाट दाखवतो आणि कोकणात जवळची वाट पुष्कळदा पाखाडी असते. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची, दोन गडग्यांमधून वाडीकडे उतरणारी पायवाट. ती सुंदर असते, सावलीची असते, आणि पंचवीस किलोंची लादलेली सायकल घेऊन ती उतरताना खांदे भरून येतात. निघण्यापूर्वी नकाशात मोटारीचा मार्ग निवडून पाहावा. सायकलीचा किंवा पायी जाण्याचा मार्ग त्यापेक्षा फार वेगळा दिसला, तर मधे पाखाडी, ‘तर’ किंवा खासगी आगर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आहे असे समजावे. ‘तर’ म्हणजे माणसे पलीकडे सोडणारी लहान होडी. तीत सायकल घेणे न घेणे होडीवाल्याच्या मर्जीवर, त्या वेळच्या पाण्यावर आणि गर्दीवर अवलंबून असते, म्हणून तरीवर विसंबून दिवसाचा बेत करू नये.

मालवणच्या दक्षिणेला याचे ठळक उदाहरण आहे. तारकर्लीहून देवबागकडे जाणारा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. तो पाहण्यासारखा आहे यात शंकाच नाही. मात्र पट्टीच्या टोकाला संगम आहे आणि तेथे रस्ता संपतो. समोर भोगवे इतके जवळ दिसते, की हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते, तरीही वेंगुर्ल्याकडे जाण्यासाठी आलेल्या वाटेने मागे फिरून खाडीला वळसा घालावा लागतो. देवबाग पाहायला जावे ते सामान मुक्कामावर ठेवून, हलक्या सायकलीने, आणि तो जाण्या-येण्याचा फेरा समजून.

खाड्यांच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देणेही बंद पडते, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत.

गिअर आणि ब्रेक घरी न तपासणे

बस, टेम्पो किंवा रेल्वेतून आणलेली सायकल उतरवून लगेच निघणे ही माझ्या मते या प्रवासातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. वाहतुकीत सायकल उजव्या अंगावर पडली किंवा तिच्यावर दुसरी सायकल टेकली, की मागच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, चौकटीशी जोडणारा हँगर हा ॲल्युमिनियमचा लहान तुकडा आत वाकतो. सपाटीवर काहीच कळत नाही. घाटी आली आणि सर्वांत हलका गिअर टाकला, की डिरेलर आत सरकतो आणि मागच्या चाकाच्या तारांना खटखट लागू लागतो. त्या क्षणी जोर लावून पायडल मारले, तर डिरेलर तारांत अडकून तुटतो, कधी सोबत तारा आणि साखळीही तुटते, आणि जवळचे सायकलदुरुस्तीचे दुकान पन्नास किलोमीटरवर असते. धोपाव्याच्या चढावर तो आवाज ऐकून मी उतरलो, तेव्हा डिरेलर आणि तारा यांच्यात नखाएवढीच फट उरली होती. हँगर हाताने हळूहळू सरळ केला, सर्वांत मोठे चक्र न वापरता उरलेला प्रवास केला आणि तेव्हापासून त्याच मापाचा एक जादा हँगर कायम पिशवीत ठेवला आहे. सायकल उतरवल्यावर मागच्या बाजूने वाकून पाहावे. डिरेलरची दोन्ही लहान चक्रे वरच्या दात्यांच्या चक्राशी एका रेषेत दिसली पाहिजेत. मागचे चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून पाहावेत आणि सर्वांत हलक्या गिअरवर साखळी तारांकडे झेपावत असेल, तर डिरेलरला त्यापुढे सरकू न देणारा मर्यादा-स्क्रू थोडा आत फिरवून मगच निघावे.

गिअरच्या मापाबद्दलही थोडे. पुढील सर्वांत लहान चक्राचे दाते आणि मागील सर्वांत मोठ्या चक्राचे दाते सारखे असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते, आणि सामानासह येथील घाट्या बसून चढायला साधारण तेवढा हलका गिअर लागतो. पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांची शर्यतीची सायकल रिकामी असताना चढेल, पण सामान लादल्यावर तिच्यावर उभे राहून जोर काढावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. गिअर चढाच्या आधी, पायडलवरचा जोर किंचित कमी करून बदलावा. चढाच्या मध्यावर पूर्ण जोर असताना बदलला, की साखळी निसटते. साध्या, बिनगिअरच्या सायकलीने हा रस्ता करणारेही आहेत. ते घाटी सरळ चालत चढतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

उतारावर चूक उलटी होते. माणूस भीतीने दोन्ही ब्रेक वरपासून खालपर्यंत दाबून धरतो. रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या सायकलीत त्यामुळे रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते आणि रबराचे गुटके पाहता पाहता झिजतात. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून एकदा ठामपणे दाबावेत, वेग उतरला की सोडावेत, वळणात शक्यतो दाबू नयेत. या घाट्यांच्या वळणांवर वाऱ्याने व ट्रकांनी आणलेली तांबडी बजरी साचलेली असते आणि ती नेमकी वळणाच्या बाहेरच्या कडेला असते. चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोरून येताना दिसला, तर वळणाच्या अलीकडेच थांबून त्याला जाऊ द्यावे, कारण त्याला वळायला सगळा रस्ता लागतो. पावसानंतरच्या आठवड्यांत जांभ्याची ओली माती गुटक्यांत रुतून रिमवर चरे पाडते. ब्रेक दाबल्यावर करकर आवाज आला, तर गुटके काढून त्यातील खडे टोकदार वस्तूने काढावेत.

पंक्चरची साधने सगळेच नेतात, पण व्हॉल्व्हचे विसरतात. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि वाडीतील पंक्चरवाल्याचे यंत्र मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते. पितळेचा छोटा अडॅप्टर दहा-वीस ग्रॅमचाही नसतो. तो जवळ असला, की कोणत्याही गावात हवा भरता येते.

सड्यावर दुपार काढणे

सड्यावर झाड नसते. जांभ्याचा कातळ सकाळी नऊनंतर तापू लागतो, दुपारी खालूनही झळा मारतो, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नसल्यामुळे अंग थंड होत नाही. ३३ अंशांचे तापमान ऐकून विदर्भातील माणसाला ते सौम्य वाटेल, पण दमटपणामुळे तेवढ्यातही शरीर तापते. डोके दुखणे, मळमळणे, अंगावर काटा येणे किंवा एकाएकी घाम थांबणे यांपैकी काहीही जाणवले, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. मिळेल त्या सावलीत बसावे, मानेवर व डोक्यावर पाणी ओतावे, ओआरएसचे पाणी घोट-घोट प्यावे. बोलण्यात गोंधळ दिसू लागला, तर गाडी मिळवून त्या माणसाला तातडीने दवाखान्यात नेले पाहिजे.

याला उपाय एकच, तो म्हणजे पहाटे निघणे. साडेसहाला निघून साडेदहा-अकरापर्यंत दिवसाचा मोठा भाग उरकावा, दुपार माडाखाली किंवा मुक्कामाच्या पडवीत काढावी आणि साडेतीननंतर उरलेले दहा-पंधरा किलोमीटर करावेत. घाटी चढण्यापूर्वी खालच्या वाडीतच बाटल्या भरून घ्याव्यात, कारण वर पाणी मिळेलच असे नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरील गावांना स्वतःलाच पाणी पुरत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर हे प्रमाण धरून किमान दीड लिटर पाणी घेऊन चढावे. कोणत्याही अंगणाशी थांबून ‘काकी, प्यायला पाणी मिळेल का?’ असे विचारले, तर कळशीतले थंड पाणी आणि बहुधा गुळाचा खडाही मिळतो. त्या पाण्याने तोंड धुऊ नये किंवा टोपी भिजवू नये. ते पाणी कोणीतरी विहिरीवरून डोक्यावर आणलेले असू शकते.

जेवणाची चूक याच वेळापत्रकाशी जोडलेली आहे. येथील घरगुती खानावळीत माणसे मोजून स्वयंपाक होतो. दोन वाजता अचानक चौघांनी जाऊन ताट मागितले, तर भात संपलेला असतो आणि घरची माणसे नुकतीच टेकलेली असतात. सकाळी निघतानाच पुढच्या गावात फोन करून किती जण, किती वाजता आणि शाकाहारी की मासे हे सांगावे. गणेशोत्सवात आणि शिमग्यात घरोघरी सण असल्यामुळे पुष्कळ खानावळी व राहण्याची घरे बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा मोटारींच्या गर्दीमुळे सायकलीसाठी टाळलेलाच बरा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, जानेवारी आणि फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस.

अंधारात सड्यावरून जाऊ नये. डांबर रात्री उबदार राहते म्हणून गुरे रस्त्यावरच बसतात, आणि काळी म्हैस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

कातळावर आणि पुळणीवर सायकल घालणे

सडा उजाड दिसतो म्हणून त्यावर कोठूनही सायकल न्यावी, असा मोह होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील याच कातळांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीची हत्तीची आकृती आहे, आणि बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी व सिंधुदुर्गातील कुडोपी येथेही अशी शिल्पे आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये त्यांचा समावेश झाला. रेषा उथळ असतात, उन्हात त्या उभ्याने दिसतही नाहीत, आणि चाकाखालच्या बजरीने कडा झिजतात. सायकल रस्त्यालगत उभी करून, गावातील जाणत्या माणसाला सोबत घेऊन, पायांतील चपला काढून ती पाहावीत. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असेल, तर सगळी आकृती एकदम उठून दिसते. पावसाळ्याच्या अखेरीस याच कातळांवरच्या ओलाव्यात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. तीही चाकाखाली जातात.

पुळणीवर ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू लागते आणि तिच्यावर सायकल पळवण्यासारखा आनंद नाही, हे मला मान्य आहे. परंतु एका फेरीची किंमत साखळी मोजते. खारे पाणी आणि वाळू साखळीच्या सांध्यांत शिरते, दुसऱ्या सकाळी तिच्यावर तांबूस गंज दिसतो, आणि त्याच वाळूने दाते घासले जातात. मोह आवरला नाही, तर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकल धुवावी. पाण्याचा जोराचा झोत चाकांच्या मधल्या तुंब्यांवर मारू नये. मग साखळी फडक्याने कोरडी करून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक-एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुसून घ्यावे. वर राहिलेल्या तेलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू चिकटते.

मंडणगड तालुक्यातील वेळास आणि दापोली तालुक्यातील आंजर्ले येथील पुळणींवर तर सायकल घालूच नये. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी तेथे अंडी घालतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले समुद्राकडे जातात. वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने हे संरक्षणाचे काम उभे राहिले आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने सरकतात, त्यामुळे सायकलीचा पुढचा दिवा त्यांना जमिनीकडे वळवू शकतो. पिल्ले सोडताना पाहायची असतील, तर सायकल गावात ठेवून, दिवे बंद करून, कार्यकर्ते सांगतील त्या दोरीच्या अलीकडे उभे राहावे.

परतीचा विचार शेवटच्या दिवशी करणे

रेडीला पोहोचल्यावर घरी जायचे कसे, हा प्रश्न तेथे पोहोचूनच पडणारे अनेक भेटतात. किनाऱ्याला समांतर धावणारी कोकण रेल्वे नकाशात जवळ दिसते, पण तिची बहुतेक स्थानके आत, महामार्गाच्या बाजूला आहेत आणि रेडी-शिरोड्याहून सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याहून कुडाळ गाठायला पंचवीस-तीस किलोमीटर सायकल चालवावी लागते. तेही चढ-उतारांचेच. सायकल रेल्वेने न्यायची, तर पार्सल कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि गाडी जेथे दोनच मिनिटे थांबते, तेथे सायकल पार्सलडब्यात चढवली जाईलच असे नाही. त्यामुळे निघण्यापूर्वीच संबंधित स्थानकावर फोन करून पार्सल कोणत्या गाडीत आणि किती वाजेपर्यंत घेतात, हे विचारून ठेवावे आणि परतीच्या तिकिटाआधी अर्धा दिवस मोकळा सोडावा. पुढचे चाक, पायडल आणि हँडल सोडवण्यापुरते पाने, गोणपाटाचा मोठा तुकडा आणि सुतळी एवढे सामान सोबत असले, की स्थानकावर अर्ध्या तासात सायकल बांधून होते. बांधताना मागचा डिरेलर सोडवून चौकटीच्या आत, साखळीसह गोणपाटात गुंडाळावा, म्हणजे हँगर वाकत नाही.